बाजेवरचे मिस्त्री

मोटारसायकलचं ऑइल बदलणं हे काही मोठं काम नाही. कोणालाही घरच्या घरी करता येतं, आणि धंद्याचं नुकसान होत असलं तरी मी लोकांना तसंच सांगते. एक जुनी तगारी म्हणजे घमेलं, खालच्या नटाला बसणारा पाना, फडकं, नवं तेल आणि नवा फिल्टर एवढं सामान पुरतं. गाडी आधी थोडी फिरवून आणायची. तेल कोमट झालं की पातळ होतं आणि सगळी घाण घेऊन खाली येतं. थंड असलं तर आतच चिकटून बसतं, आणि फार तापलेलं असलं तर मनगट भाजतं. माझ्या उजव्या मनगटावर त्याची खूण आहे. मग गाडी डबल स्टँडवर लावायची, खाली तगारी ठेवायची, नट खोलायचा आणि बसून राहायचं. लोक चुकतात ते या बसून राहण्यात. धार थांबली की त्यांना वाटतं झालं, आणि लगेच नट कसायला घेतात. धारेनंतर बराच वेळ थेंब पडत राहतात, ते पडू द्यायचे असतात.

मी हे काम आर्णीत, माझ्या घराच्या अंगणात करते. वर टिनाचं छप्पर आहे, एका बाजूला कडुनिंब. गल्लीत मला मिस्त्रीणबाई म्हणतात. दिवाळी अंकात आपल्या कामाबद्दल लिहा असा निरोप आला, तेव्हा मी आधी नाही म्हणून टाकलं. माझं शिक्षण दहावीपर्यंतचं. लिहायला बसले की शाळेतली मराठी येते आणि बोलायला लागले की घरची वऱ्हाडी. पण मग वाटलं, या कामाबद्दल लिहायचं तर ते माझ्या यजमानांबद्दल लिहिणं होईल, आणि त्यांच्याबद्दल कोणी मला विचारलेलं नाही अजून.

खरे मिस्त्री तेच. यवतमाळच्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक खोली आणि समोरची जागा, पण चारी बाजूंच्या खेड्यांतून गाड्या यायच्या. हे फार बोलके नव्हते. जे काही बोलायचे ते दुकानात, गिऱ्हाइकांशी. संध्याकाळी घरी येईपर्यंत त्यांचं बोलणं संपून गेलेलं असायचं. "अवं, पाणी दे," "अवं, साबण कुठं हाय," एवढंच माझ्या वाट्याला यायचं. मला त्याचं काही वाटत नसे. आजूबाजूच्या घरांतही तसंच होतं. दुपारी मी डबा घेऊन दुकानात जायची आणि डबा रिकामा होईपर्यंत स्टुलावर बसायची. डोळ्यांना दुसरं काम नव्हतं म्हणून त्यांचे हात पाहत राहायची. मला जे काही आलं ते त्या स्टुलावर बसून आलं, पण तेव्हा हे ठाऊक नव्हतं.

एका दुपारी दुकानात त्यांच्या हातातून पाना पडला आणि त्यांना तो उचलता आला नाही. लकवा होता. यवतमाळच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा उजवं अंग गेलेलं होतं आणि वाचाही गेली होती. डॉक्टर म्हणाले, त्यांना समजतं सगळं, फक्त शब्द सापडत नाहीत. कधी सापडतीलही, तुम्ही त्यांच्याशी बोलत राहा.

मी बोलत राहिले. पाऊस किती पडला, कापसाची पऱ्हाटी कोणाची कशी आहे, पूनमचा पुण्याहून फोन आला होता, सगळं सांगायची. पूनम ही आमची एकुलती मुलगी, तेव्हा तिकडे शिकत होती. हे छताकडे पाहत राहायचे. काही महिन्यांनी माझ्याकडचंही सांगण्यासारखं संपलं. एका घरात दोन माणसं आणि दिवसभरात एक शब्द नाही. भांडं पडलं तर तेवढाच आवाज.

दुकानाची जागा सोडावी लागली. सगळं सामान, पाने, पेट्या, जॅक, अंगणात आणून रचलं. माझा मोठा भाऊ बोरी अरबहून आला, त्याने ते सगळं पाहिलं. मग मला कडुनिंबाखाली नेऊन म्हणाला, "शोभे, हे लोखंड कोणाले तरी देऊन टाक. त्याईच्या डोळ्यापुढं ठेवशीन तं त्याईचा जीव जळन." त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण मी म्हटलं, राहू दे दादा, पाहू.

यांची स्वतःची गाडी अंगणात उभी होती. ते दर दिवाळीच्या आधी तिचं ऑइल घरीच बदलायचे, रविवारी, निवांत. ती दिवाळी आली तेव्हा मी त्यांची बाज ओसरीच्या कडेला सरकवली, पदर खोचला आणि गाडीखाली तगारी ठेवली. मला वाटलं होतं ते हाताने खुणा करून सांगतील. नट कुठल्या बाजूला फिरवायचा यावर मी बराच वेळ घालवला. ते पाहत होते. नट सुटला, तेल माझ्या हातावरून कोपरापर्यंत आलं. मी हसून त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांनी मान भिंतीकडे वळवली होती. मी काम पूर्ण केलं. गाडी सुरूही झाली. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

तरी मी थांबले नाही. थांबून करायचं काय होतं? जुनी गिऱ्हाइकं घर शोधत यायची, मिस्त्रींची तब्येत विचारायची आणि जाताना गाडीकडे पाहायची. मी म्हणायची, ऑइल बदलायचं असेल तर ठेवून जा, तेवढं मला येतं. काही जण ठेवून जायचे, काही जण घाई असल्याचं सांगायचे. आमच्या गल्लीतल्या बापूरावकाकांनी वेगळाच मार्ग काढला. बाईमाणसानं नट खोलला तर गाडी रस्त्यात दगा देते, असं त्यांचं ठाम मत होतं. पण मिस्त्रींच्या घरचं काम दुसरीकडे न्यायलाही त्यांना बरं वाटेना. म्हणून ते स्वतः खाली बसायचे, नट स्वतः खोलायचे, धोतर सावरत उठायचे आणि म्हणायचे, "हं, कर आता पुढचं." पुढचं सगळं मी केलेलं त्यांना चालायचं. जाताना जळकं तेल डब्यात भरून न्यायचे, कुंपणाच्या खुंटांना लावायला, उधई म्हणजे वाळवी लागत नाही म्हणून. अजूनही त्यांचा तोच नेम आहे. मी त्यांच्यासाठी पाना आधीच काढून ठेवते.

काम वाढत गेलं. बाज ओसरीवरच असायची आणि हे भिंतीकडे तोंड करून. माझी पाठ त्यांच्याकडे, त्यांची पाठ माझ्याकडे. असे आम्ही दिवस काढायचो.

मग प्रल्हादभाऊ राठोडांची गाडी आली. ते जवळच्या तांड्यावरचे, रोज सकाळी आर्णीत दूध घालायचे. मोबाइलवर पाहून त्यांनी घरीच ऑइल आणि फिल्टर बदलला होता. सगळं नीट केलं होतं, सामानही चांगलं आणलं होतं. पण दूध घेऊन येताना गाडी वेगळंच वाजायला लागली, म्हणून ती तशीच माझ्या अंगणात आणली.

"तेल नवं हाय वहिनी, फिल्टर नवा हाय, मंग हे टकटक कायले होऊन राह्यलं?" त्यांनी विचारलं.

मी तेल पाहिलं. बरोबर होतं. नट पाहिला, कुठे गळत नव्हतं. बापूरावकाका तिथेच बसले होते, गल्लीतले आणखी दोघंतिघं दाराशी उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला कळत होतं. आज या बाईच्या हातानं इंजिन गेलं, असं संध्याकाळी बसस्टँडवर सांगायला ते मोकळे होते. मला भीती वाटत होती आणि ती दिसू द्यायची नव्हती. मी म्हटलं, गाडी चालू करून आवाज कुठून येतो ते पाहू. चालू केली. टकटक वरच्या बाजूने येत होती. नीट ऐकू यावी म्हणून मी रेस वाढवली.

"बंद."

मला वाटलं दारातला कोणी बोलला. मी आणखी रेस दिली.

"बंद! बंद!"

प्रल्हादभाऊंनी माझ्या खांद्यावरून मागे बोट दाखवलं. हे डाव्या कोपरावर उठून बसले होते. तोंड वाकडं झालं होतं, मानेच्या शिरा तटतटल्या होत्या. मी चावी फिरवली. अंगण एकदम शांत झालं.

मी त्यांच्याजवळ गेले. त्यांना पुढचा शब्द सापडत नव्हता. ओठ हलत होते, आवाज निघत नव्हता. शेवटी त्यांनी डावा हात माझ्यासमोर धरला, तळवा वर. मग तो उलटा केला. पुन्हा वर, पुन्हा उलटा. मला आधी वाटलं, गाडी आडवी करायला सांगतात. त्यांनी रागाने बाजेवर हात आपटला आणि पुन्हा तसाच उलटा केला. तेव्हा डोक्यात आलं.

मी फिल्टरचं झाकण खोललं. फिल्टर उलटा बसला होता. वाचणाऱ्यांना सांगते, त्या गाडीत कागदी फिल्टर असतो. त्याला एका बाजूने भोक, दुसरी बाजू बंद. भोक आतल्या बाजूला गेलं पाहिजे. उलटा बसवला तर तो बसतो, झाकणही लागतं, बाहेरून काही कळत नाही. पण तेलाची वाट बंद होते आणि वरचे भाग कोरडे फिरत राहतात. मी आणखी थोडा वेळ रेस देत राहिले असते तर इंजिन जाम झालं असतं, आणि ते माझ्या हातात झालं असतं.

फिल्टर सुलट बसवला. गाडी चालू केली, हळू ठेवली. टकटक कमी कमी होत थांबली. दारातली माणसं एकेक करून निघून गेली. प्रल्हादभाऊ म्हणाले, "मिस्त्री बोलले न वहिनी." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं आणि तिथेच पिठाच्या डब्यावर बसून रडून घेतलं.

सगळे गेल्यावर मी बाजेशी बसले. म्हटलं, अवो, बोला न काही. काहीही बोला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओठ हलवले, मग डोळे मिटले. संध्याकाळी पूनमला फोन लावून त्यांच्या कानाशी धरला. ती तिकडून बाबा, बाबा करत राहिली. यांनी फोन हाताने दूर सारला.

पण दुसऱ्या दिवसापासून ते भिंतीकडे वळले नाहीत. मी बाज फिरवून अंगणाकडे तोंड येईल अशी लावली. गाडी चालू केली की ते डोळे मिटून ऐकायचे. काही चुकत असेल तर शब्द यायचा. "ढिलं." "कमी." "चेन." एका वेळी एक, तोही जड, दगड सरकवल्यासारखा. बरोबर असेल तर गप्प राहायचे. मी गिऱ्हाइकाला सांगायची, मिस्त्री काही बोलले नाहीत, म्हणजे गाडी बरोबर आहे, न्या. लोकांना त्याचं कौतुक वाटायचं. मुद्दाम थांबून पाहायचे.

मला मात्र रात्रंदिवस एकच लागून राहिलं होतं. गाडीशी बोलता येतं, मग माझ्याशी का नाही? एकदा मी वरणात मीठच घातलं नाही. म्हटलं, निदान "मीठ" तरी म्हणतील. त्यांनी मुकाट्याने सगळं ताट संपवलं. मी समोर बसून तेच अळणी वरण खाल्लं. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, असं होतं, कुठला शब्द कुठे अडकलेला असतो ते सांगता येत नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आता हे मनाला नाही लावायचं तर कशाला लावायचं?

मग मी एक गोष्ट करायला लागले. दुपारी अंगणात काम नसलं, कोणी नसलं, की मी यांच्या स्वतःच्या गाडीची चेन थोडी सैल करायची किंवा सायलेन्सरचा नट ढिला करायची. गाडी चालू करायची आणि काही माहीत नसल्यासारखी उभी राहायची. थोड्या वेळाने बाजेवरून आवाज यायचा. "ढिलं." मी म्हणायची, हो का? पाहते. मग कसून परत चालू करायची. तो एक शब्द ऐकला की मला उरलेला दिवस पुरायचा. हे मी पूनमलाही कधी सांगितलं नाही. सांगणार काय, की तुझी आई तुझ्या बाबांचा आवाज ऐकायला नट ढिले करते?

कितीतरी दिवस हे चाललं. एका दुपारी मी गाडी चालू केली आणि शब्द आला नाही. मी वाट पाहिली. वळून पाहिलं तर त्यांचे डोळे उघडे होते आणि ते माझ्या हाताकडे पाहत होते. माझ्या मुठीत पाना होता, खाली ठेवायचा राहून गेला होता. मला शरमल्यासारखं झालं. मी गाडी बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात ते म्हणाले, "ढिलं." तोंडाची डावी बाजू थोडी वर गेली. हसले होते. त्यांना ठाऊक होतं, कदाचित आधीपासूनच ठाऊक होतं. त्यानंतरही मी नट ढिले करत राहिले आणि ते सांगत राहिले. आमच्या संसारात आम्ही एवढं कधी बोललो नव्हतो.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात ते खचत गेले. जेवण कमी झालं, दिवसाही झोपायला लागले. त्याच दिवसांत आत्राम आले. ते झरी जामणीकडचे, वनमजूर. सासुरवाडी आर्णीजवळ असल्यामुळे वर्षातून एक-दोनदा इकडे चक्कर असायची, आणि आले की गाडी माझ्याकडेच यायची. जंगलातल्या मातीने त्यांच्या गाडीचं तेल फार लवकर काळं व्हायचं. त्यांना एका लग्नाला पोचायचं होतं, घाईत होते. मी ऑइल बदललं, फिल्टर बदलला, गाडी चालू केली. कुठेतरी बारीक आवाज येतोय असं मला वाटत होतं, पण खात्री नव्हती. मी न वळताच विचारलं, "अवो, बरोबर हाय ना?"

ते काही बोलले नाहीत.

मी आत्रामांना म्हटलं, मिस्त्री काही बोलले नाहीत, बरोबर आहे, न्या. आत्रामांनी बाजेकडे पाहून हात जोडले आणि निघाले. मी तगारी उचलली, जळकं तेल डब्यात ओतलं, पाने पुसून पेटीत ठेवले, हात धुतले. मग त्यांना चहा विचारायला गेले.

डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, त्रास झाला नसेल. किती वेळ झाला असेल, असं मी विचारलं. त्यांनी ते नक्की सांगता येणार नाही म्हटलं.

पूनम मला पुण्याला घेऊन गेली. तिची जागा चौथ्या मजल्यावर आहे. तिथून गाड्या दिसतात, पण त्यांचा सगळा आवाज एकच होऊन वर येतो, कुठली कुठली ते कळत नाही. ती चांगलं करते माझं, जावईही चांगला आहे. पण दोघं सकाळी गेले की दार बंद, आणि मग दिवसभर मी. तेच करायचं तर आपल्या घरी केलेलं बरं, म्हणून परत आले. अंगणात पाचोळा साचला होता. बाज मी आत नेऊन भिंतीला उभी लावून ठेवली. बापूरावकाका दुसऱ्याच दिवशी गाडी घेऊन आले. नट खोलून उठले, "हं, कर" एवढंच म्हणाले आणि ओट्यावर जाऊन बसले.

काम आता पूर्वीइतकं येत नाही. गावात मोठं शोरूम झालं आहे, तिथे गाडी वर उचलायचं यंत्र आहे, पंख्याखाली बसायला खुर्च्या आहेत. माझ्याकडे जुनी माणसं येतात, जुन्या गाड्या घेऊन. काही दिवस कोणीच येत नाही. तेव्हा मी अंगण झाडते, पाने पुसते, पुन्हा मांडून ठेवते.

गेल्या वर्षीच, कापसाची पहिली वेचणी चालू असताना आत्राम आले. गाडी लावली, रुमालाने तोंड पुसलं आणि ओसरीकडे पाहिलं.

"काका कुठी गेले, काकू?"

मी सांगितलं. ते पायरीवर बसले. त्यांना कोणी कळवलं नव्हतं, कळवणार तरी कोण? त्यांनी विचारलं, कधी झालं. मी म्हटलं, याच उन्हाळ्यात.

"म्हंजे मी येऊन गेलतो त्याच्यानंतर."

"हो," मी म्हटलं. "त्याच्यानंतर."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "गाडीनं मंग कायचाच तरास नाई देला. पावसाळाभर जंगलात फिरवली. काकानं ऐकून देलती न."

मी तगारी गाडीखाली सरकवत होते. वर पाहिलं नाही. "हो, ऐकलं होतं त्याईनं."

नट खोलला. धार थांबली तरी थेंब पडत होते, ते सगळे पडू दिले. आत्राम जंगलातलं काही काही सांगत राहिले, मी हं हं करत होते. फिल्टर बदलला, नवं तेल ओतलं, गाडी चालू केली. त्यांना अंधाराच्या आत घाटंजी गाठायचं होतं, चहा नको म्हणाले. मी तरी गाडी लगेच बंद केली नाही. खाली बसले, कान इंजिनाजवळ नेला, डोळे मिटले आणि बराच वेळ ऐकलं. मग उठून चावी फिरवली आणि त्यांना म्हटलं, "न्या."